आधी कुणाला ऐकू आलं?

पाणबुडीच्या गेममध्ये नवखा माणूस एकाच पद्धतीने मरतो. त्याला व्यापारी जहाजांचा ताफा सापडतो, तो टॉर्पेडो सोडतो, तेलाचं एखादं जहाज पेटतं आणि हा पेरिस्कोप वर ठेवून ती आग बघत बसतो. तेवढ्या वेळात ताफ्याच्या कडेने चालणारी डिस्ट्रॉयर वळलेली असते. आपल्या बातम्यांमध्ये तिला विनाशिका म्हणतात आणि गेममध्ये तिचं वागणं नावाला शोभेल असंच असतं. हायड्रोफोनवर बसलेला खलाशी ओरडतो, पंख्याचा आवाज जवळ येतो, मग डोक्यावरून जातो. नंतर काही सेकंद काहीच नाही. ते काही सेकंद सगळ्यात वाईट.

मी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर असताना 'सायलेंट हंटर ३' खेळायला लागलो. गेम २००५ सालचा, त्यामुळे माझ्या रडक्या लॅपटॉपवरही चालायचा. बाकीची पोरं काउंटर स्ट्राइक खेळायची, पाच मिनिटांत दहा वेळा मरायची आणि दहा वेळा उठायची. माझ्या गेममध्ये तासभर काहीच घडत नसे. रूममेट मागे उभा राहून विचारायचा, "अरे, हँग झालाय का?" हँग झालेला नसे. मी दीडशे मीटर खोल, पंखा अगदी हळू फिरवत, वरच्या माणसाला माझा कंटाळा यायची वाट बघत असे.

डिस्ट्रॉयरपासून वाचायची जी काही विद्या आहे ती तशी थोडक्यात सांगता येते. पहिलं म्हणजे पळायचं नाही. पाण्याखाली दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी जेमतेम ७ नॉटने जायची, म्हणजे ताशी १३ किलोमीटर. डिस्ट्रॉयर तिशी गाठायची. शर्यत लावण्यात अर्थ नाही आणि जोरात फिरणारा पंखा दूरवर ऐकू जातो. दुसरं, अंग चोरायचं. डिस्ट्रॉयर पाण्यात आवाजाचा ठोका सोडते आणि तो आदळून परत आला की तुमची जागा कळते. आडवी पाणबुडी म्हणजे भिंत. तिच्याकडे टोक किंवा शेपूट केली की परत जाणारा आवाज बराच कमी होतो. तिसरं, खोल जायचं, आणि जमलं तर गरम पाण्याच्या थराखाली, कारण गरम आणि थंड पाण्याच्या सीमेवर आवाज वाकतो आणि वरच्या माणसाचा अंदाज चुकतो.

चौथी गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण ती शुद्ध गणित आहे. त्या काळच्या ब्रिटिश सोनारचा झोत पुढे जायचा, सरळ खाली नाही. त्यामुळे डिस्ट्रॉयर अगदी जवळ आली की शेवटच्या दीड-दोनशे मीटरमध्ये तिला तुम्ही ऐकूच येत नाही. शिवाय तिचे बॉम्ब, म्हणजे डेप्थ चार्ज, जहाजाच्या मागच्या बाजूने खाली पडतात. ते पाण्यात सेकंदाला साधारण ३ मीटर बुडतात. तुम्ही १५० मीटरवर असाल तर ते पोहोचायला ५० सेकंद लागतात. त्या ५० सेकंदांत तुम्ही पूर्ण वेगात पावणेदोनशे मीटर सरकू शकता. बॉम्बने पाणबुडीचं कवच फोडायचं तर तो सहा-सात मीटरच्या आत फुटावा लागतो. म्हणजे डिस्ट्रॉयर डोक्यावर आली की घाबरून गप्प बसायचं नाही. नेमकं तेव्हाच पूर्ण वेग द्यायचा आणि जोरात वळायचं. बॉम्ब फुटायला लागले की त्या गदारोळात तिला स्वतःचंही ऐकू येत नाही. आवाज शमायच्या आत परत हळू व्हायचं.

आणि उलटा हल्ला? तोही असतो. डिस्ट्रॉयर सरळ अंगावर येत असताना तिच्या नाकावर टॉर्पेडो सोडायचा. समोरून ती इतकी अरुंद दिसते की नेम चुकला तर पुढच्या मिनिटात तुम्ही संपलात. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनांनी पंख्याच्या आवाजामागे जाणारा टॉर्पेडो आणला, तेव्हा हा जुगार थोडा सोपा झाला. त्यावर ब्रिटिशांनी जहाजामागे दोरीला बांधून खडखडाट करणारं लोखंडी खेळणं ओढायला सुरुवात केली. टॉर्पेडो जहाज सोडून त्या खडखडाटामागे जायचा. आम्ही ज्याला पॅच म्हणतो तोच प्रकार. मागच्या आवृत्तीतली फट बुजवायची आणि नवी फट कधी सापडते त्याची वाट बघायची.

डोक्यावर आल्यावर बहिरं होण्याची डिस्ट्रॉयरची फटसुद्धा अशीच बुजवली गेली. १९४२ पासून 'हेजहॉग' नावाचं यंत्र आलं, जे चोवीस छोटे बॉम्ब पुढे, दोनशेहून जास्त मीटरवर फेकायचं. पाणबुडी अजून सोनारच्या झोतात असतानाच मार बसायचा. बॉम्ब लागला तरच फुटायचा, त्यामुळे नेम चुकला तरी गदारोळ नाही. त्यानंतर 'स्क्विड' आलं आणि १९५० च्या दशकात 'लिंबो' नावाचं तीन नळ्यांचं मॉर्टर आलं. लिंबोचा पल्ला साधारण ९०० मीटर. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आता गावाकडे यावं लागेल. मी डिंगोऱ्याचा. कल्याण-नगर रस्त्यावर माळशेज घाट चढून ओतूरकडे निघालात की लागणारं गाव. जवळच पिंपळगाव जोगा धरण. धरणांमुळे पाणी आलं, पाण्यामुळे ऊस आला आणि उसात बिबट्या आला. जुन्नर तालुक्यात बिबट्या ही बातमी राहिलेली नाही. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी केंद्र आहे, आमच्याकडे गोठ्याला जाळी आहे, आणि पोरांना अंधार पडायच्या आत घरात घेतात. मोटारीला थ्री फेज लाइट कित्येकदा रात्रीचीच मिळते. म्हणजे अण्णांना, माझ्या वडिलांना, रात्री उसाला दारं धरायला जावं लागतं.

अण्णा जाताना बॅटरी घेतात, घुंगरं बांधलेली काठी घेतात आणि मोबाइलवर मोठ्याने भजन लावतात. लहानपणी मला वाटायचं की हे बिबट्याला घाबरवण्यासाठी आहे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "घाबरतंय कशाचं ते? त्याला आपलं कळावं म्हणून लावायचं. म्हणजे ते बाजूला होतं. अचानक गाठ पडली की मग दोघांचंही खरं नाही."

डिस्ट्रॉयरचा तो ठोका म्हणजे हेच भजन. पाणबुडीला तो ठोका डिस्ट्रॉयरच्या किती तरी आधी ऐकू जातो, कारण आवाजाला पाणबुडीपर्यंत एकच फेरी मारायची असते, डिस्ट्रॉयरला तो परत यायला हवा असतो. म्हणजे ठोका देणारा आपली जागा सांगूनच शोध घेतो. ऐकायला हे मूर्खपणाचं वाटतं. पण ताफ्याच्या कडेने चालणाऱ्या जहाजाचं काम पाणबुडी मारणं हे नसतंच. तिला तासभर खाली दाबून ठेवलं की पुरे. पाण्याखाली ७ नॉटने फार वेळ जाता येत नाही, बॅटरी उतरते, तोवर ताफा निघून जातो. काहीच घडलं नाही की डिस्ट्रॉयर जिंकली. अण्णांचंही तसंच आहे. त्यांना बिबट्या मारायचा नसतो, उसाला पाणी द्यायचं असतं.

पण समजा अण्णांना कुणी सांगितलं, की आज पाणी द्यायचं नाही, आज रात्री उसात शिरून बिबट्या शोधून काढ. तीच बॅटरी, तीच काठी, तोच माणूस. खेळ मात्र पूर्ण उलटा होतो. आता बिबट्या ठरवणार की गाठ कुठे पडायची.

ब्रिटिश आरमाराने हा उलटा खेळ १९३९ मध्ये खेळून बघितला होता. युद्ध सुरू झाल्या झाल्या त्यांनी विमानवाहू जहाजं आणि डिस्ट्रॉयर यांच्या टोळ्या करून मोकळ्या समुद्रात पाणबुड्या शोधायला पाठवल्या. १४ सप्टेंबरला 'आर्क रॉयल' थोडक्यात वाचलं. तीनच दिवसांनी 'करेजस' हे विमानवाहू जहाज यू-२९ ने बुडवलं आणि पाचशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर विमानवाहू जहाजं या कामातून काढून घेतली.

मोकळ्या समुद्रात शोधत फिरण्यापेक्षा ताफ्याभोवती राहावं, पाणबुडी तिथे येणारच. पण ती तिथे आली की काय करायचं, हे गणित नीट सुटायला एका गेमची मदत झाली. हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठलो होतो. १९४२ च्या जानेवारीत लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाच्या अधिकाऱ्याला एक खोली देण्यात आली. क्षयरोगामुळे त्याला आरमारातून निवृत्त केलं होतं. त्याच्या हाताखाली आरमाराच्या महिला दलातल्या तरुण मुली होत्या, कित्येक विशीच्या आसपासच्या. त्यांनी जमिनीवर चौकटी आखल्या, लाकडी जहाजं मांडली आणि खडूने मार्ग काढायला सुरुवात केली. प्रशिक्षणाला आलेले कप्तान पडद्याआड बसायचे आणि फटीतून त्यांना तेवढंच दिसायचं, जेवढं खऱ्या जहाजावरून रात्री दिसलं असतं. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने काढलेला असे, जो त्या फटीतून दिसत नसे.

रॉबर्ट्सला एक कोडं सुटत नव्हतं. ताफ्याच्या मधली जहाजं बुडत होती. टॉर्पेडोचा पल्ला बघता बाहेरून मधल्या जहाजावर असा नेम लागणं अवघड. गेम खेळत खेळत तो ज्या उत्तरापाशी आला ते त्या वेळी विचित्र वाटलं असणार. पाणबुडी रात्री पाण्यावर तरंगत, मागच्या बाजूने ताफ्याच्या आतच शिरत होती. डिस्ट्रॉयर बाहेरच्या बाजूला अंधारात शोधत सुटायच्या आणि पाणबुडी मात्र घरात. यावर त्यांनी नवा डाव बसवला. हल्ला झाला की सगळ्या रक्षक जहाजांनी ताफ्याच्या मागे यायचं आणि तिथला पट्टा विंचरून काढायचा. जीन लेडलॉ या मुलीने त्याला 'रास्पबेरी' असं नाव दिलं. इंग्रजीत तोंडाने काढलेल्या पचक्या आवाजालाही रास्पबेरी म्हणतात, आणि तो हिटलरला उद्देशून होता.

पुढे मॅक्स हॉर्टन हे अॅडमिरल तिथे आले. ते स्वतः जुने पाणबुडीवाले. त्यांनी पाणबुडीची बाजू घेतली आणि समोर जॅनेट ओकेल ही विशीतली मुलगी रक्षक जहाजं चालवत होती. अॅडमिरल लागोपाठ पाच डाव हरले. युद्ध संपेपर्यंत जवळपास पाच हजार अधिकारी त्या फरशीवर खेळून गेले. मी खेळायचो त्या गेममध्ये आणि त्यांच्या गेममध्ये एक फरक होता. ते पाणबुडीच्या बाजूने खेळायचे ते जहाज वाचवायला शिकण्यासाठी. मी जहाजाच्या बाजूने कधी खेळलोच नव्हतो. गेममध्ये ती सोयच नव्हती.

एकदा दिवाळीत घरी गेलो होतो. लॅपटॉप ओट्यावर, अण्णा शेजारी. थोडा वेळ बघून त्यांनी विचारलं, "यात तू कोण?"

"पाणबुडीचा कप्तान."

"जर्मनाची?"

"हो."

"आन् आपली मान्सं?"

मी सांगितलं, की यात आपली माणसं नाहीत, ही लढाई तिकडची आहे. ते म्हणाले, "तुम्ही शिकलेली पोरं." आणि दूध घालायला निघून गेले.

आपली माणसं होती. अर्थात वरच्या बाजूला, जहाजावर. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीच्या जहाजांनी पाणबुड्या बुडवल्या आहेत. ११ फेब्रुवारी १९४४ ला विशाखापट्टणमजवळ 'जमना' आणि दोन ऑस्ट्रेलियन जहाजांनी मिळून आरओ-११० ही जपानी पाणबुडी बुडवली. त्याच ऑगस्टमध्ये सेशल्सजवळ 'गोदावरी' आणि एका ब्रिटिश जहाजाने जर्मन यू-१९८ संपवली. मुंबईत वर्सोव्याला पाणबुडीविरोधी प्रशिक्षणाची शाळा होती आणि तिचं नाव होतं 'मछलीमार'. कोळीवाड्याशेजारी असं नाव ज्याला सुचलं त्याला मानलं पाहिजे.

पण अण्णांच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे ते १९७१ सालातलं आणि तेही मुंबईहून निघालेलं.

माझे आजोबा तेव्हा भायखळ्याच्या भाजी मार्केटात हमाली करायचे. त्या डिसेंबरातला ब्लॅकआउट, खिडक्यांना लावलेले काळे कागद, आणि कराची पेटल्याची बातमी आल्यावर वाटलेले पेढे, हे त्यांनी आम्हाला अनेकदा सांगितलं होतं. ४ डिसेंबरची ती रात्र, मिसाइल बोटींचा कराचीवरचा हल्ला, आजही नौदल दिन म्हणून साजरी होते. 'खुकरी'चं नाव आजोबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

आयएनएस खुकरी, कृपाण आणि कुठार ही तीन एकसारखी फ्रिगेट जहाजं. ब्रिटनमध्ये बांधलेली, १९५० च्या दशकातली. त्यांचा जन्मच पाणबुड्या मारण्यासाठी. म्हणून स्वस्तात, एका पंख्याची, मोठी तोफ नसलेली. मुख्य हत्यार ते मघाचं लिंबो. पल्ला ९०० मीटर. समोर होती हंगोर, फ्रान्सने बांधलेली डाफ्ने वर्गाची पाणबुडी, १९६९ मध्ये पाकिस्तानी नौदलात आलेली, म्हणजे युद्धाच्या वेळी दोन वर्षांची. पुढे आठ आणि मागे चार अशा बारा टॉर्पेडो नळ्या, आणि आवाजाच्या मागे जाणारे टॉर्पेडो.

हंगोर नोव्हेंबरातच कराचीहून निघाली होती. युद्ध सुरू व्हायच्या आदल्या रात्रीच्या सुमारास आपल्या पश्चिमी ताफ्याची जहाजं तिच्या डोक्यावरून गेली, पण गोळीबाराचा हुकूम नव्हता म्हणून ती गप्प बसली. नंतर मुंबईसमोरून उत्तरेला, सौराष्ट्राच्या किनाऱ्याकडे सरकायचं म्हणून तिने कराचीशी रेडिओवर संपर्क केला. तो संदेश आपल्या लोकांनी पकडला. दीवच्या नैर्ऋत्येला पाणबुडी आहे हे कळलं. कुठार इंजिनाच्या बिघाडामुळे कामातून गेली होती. ८ डिसेंबरला खुकरी आणि कृपाण मुंबईहून तिला शोधायला निघाल्या.

म्हणजे पाणी द्यायला नाही, बिबट्या शोधायला.

त्यांच्याबरोबर ताफा नव्हता. पाणबुडीला एका ठरावीक जागी यावंच लागेल असं काही नव्हतं. ९ डिसेंबरला सकाळी हंगोरने त्यांना ऐकलं. दोन्ही जहाजं तिच्यापेक्षा वेगाने जात होती, त्यामुळे ती मागे पडली. पण हंगोरचा कमांडर अहमद तस्नीम याने दिवसभर त्यांच्या हालचालींची नोंद ठेवली आणि त्याला कळलं की जहाजं एका आयताच्या कडांवरून फिरत शोध घेत आहेत. पाठलाग सोडून तो त्या आयताच्या पुढच्या कडेवर जाऊन थांबला. हे मी गेममध्ये शेकडो वेळा केलं आहे. डिस्ट्रॉयर गस्त घालताना एकाच मार्गावर फिरते, तेव्हा तिच्यामागे जायचं नसतं. पुढे जाऊन मशीन बंद करायचं.

खुकरी हळू का चालली होती, हा या सगळ्यातला सगळ्यात जास्त वादाचा प्रश्न. वेग १२ नॉटच्या आसपास होता. पाणबुडीच्या भागात जहाजाने वेगात आणि नागमोडी जावं, हे पुस्तकातलं पहिलं पान. पण सोनार जहाजाच्या पोटाला असतो. वेग वाढला की पाण्याचा घासणारा आवाज आणि स्वतःच्या पंख्याचा आवाज वाढतो आणि सोनारला दूरचं ऐकू येत नाही. खुकरीवर लेफ्टनंट व्ही. के. जैन हा अधिकारी सोनारचा पल्ला वाढवणारं, स्वतः तयार केलेलं उपकरण वापरून बघत होता, आणि त्याला कमी वेग हवा होता. वेगात जा, म्हणजे टॉर्पेडोपासून वाचशील पण बहिरा होशील. हळू जा, म्हणजे ऐकू येईल पण सोपं लक्ष्य होशील. त्यात उष्ण समुद्रात पाण्याचं तापमान खोलीनुसार असं बदलतं की जहाजाच्या पोटातून सोडलेला आवाज खाली वाकून भलतीकडेच जातो, मग तुमचा सोनार कागदावर कितीही चांगला असो.

खुकरीच्या कप्तानाला दोष देणारे लेख मी वाचले आहेत. गेम खेळणारा माणूस तसा दोष चटकन देतो, कारण त्याला वरून नकाशा दिसतो. मला तो दोष पटत नाही. थोडं गणित करू. समजा पाणबुडी ४ किलोमीटरवर आहे. १२ नॉटने जाणारं जहाज मिनिटाला ३७० मीटर कापतं. लिंबोच्या टप्प्यात यायला त्याला ३ किलोमीटरहून जास्त जावं लागेल, म्हणजे आठ मिनिटं. त्याच अंतरावरून २५ नॉटचा टॉर्पेडो पाच-सव्वापाच मिनिटांत जहाजापर्यंत पोहोचतो. आणि हेसुद्धा तेव्हा, जेव्हा जहाजाला ४ किलोमीटरवरची पाणबुडी ऐकू आली असं आपण फुकट गृहीत धरलं. वेग दुप्पट केला तर मिनिटं कमी होतात पण कान जातात. पुलावर उभा असलेला माणूस कसाही वागला तरी या गणितातून तो फारसं काही वाचवू शकत नव्हता. हातभर काठी देऊन उसात पाठवायचं हे किनाऱ्यावर ठरलं होतं. सी किंग हेलिकॉप्टर, जी पाण्यात सोनार बुडवून जहाजाला धोका न देता ऐकू शकतात, आपल्या नौदलात त्याच वर्षी आली होती आणि थोडीच होती.

रात्री अंधारात पेरिस्कोपमधून हंगोरला काहीच दिसलं नाही, कारण जहाजांवरचे दिवे बंद होते. मग ती खोल गेली आणि फक्त आवाजावरून हल्ला करायचं तस्नीमने ठरवलं. पहिला टॉर्पेडो कृपाणवर सोडला, तो न फुटता खालून निघून गेला. दुसरा खुकरीवर. रात्री पावणेनऊच्या सुमारास तो फुटला आणि जहाज काही मिनिटांत बुडालं. दीवपासून साधारण ४० सागरी मैलांवर. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि ते जहाजाबरोबरच गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. लेफ्टनंट जैनही परत आला नाही.

तिसरा टॉर्पेडो कृपाणवर होता. तिने पूर्ण वेग दिला आणि दूर गेली. माणसं पाण्यात असताना. यावरही बोललं गेलं, अजूनही बोललं जातं. २२ सप्टेंबर १९१४ ला उत्तर समुद्रात 'अबुकिर' या ब्रिटिश जहाजाला यू-९ चा टॉर्पेडो लागला. मदतीला 'होग' थांबलं, त्याला लागला. मग 'क्रेसी' थांबलं, त्यालाही. दीड तासाच्या आत तिन्ही गेली आणि चौदाशेहून जास्त माणसं बुडाली. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक नौदलात हे शिकवतात की पाणबुडी शेजारी असताना थांबायचं नाही. कृपाणच्या कप्तानाला ते माहीत असणारच. त्याच्या जहाजावरही तेवढीच माणसं होती. सकाळी कृपाण आणि कच्छल परत आल्या आणि ६७ जणांना उचललं. त्यांनी रात्र डिसेंबरच्या समुद्रात काढली होती.

गेममध्ये डिस्ट्रॉयर बुडाली की वरच्या कोपऱ्यात तिचं वजन टनांमध्ये येतं. पाण्यात माणसं दिसत नाहीत. आपण पेरिस्कोप खाली घेतो. इथे आपण पाण्यातच राहतो, कारण आपली माणसं तिथे आहेत, आणि खालच्या माणसाने जे केलं ते मी ओट्यावर बसून, चहा पीत, शाबासकीच्या अपेक्षेने शेकडो वेळा केलेलं आहे. तस्नीमचा डाव उत्तम होता. मला तो वाचताना आधी कौतुक वाटतं आणि मग पोटात गोळा येतो. दोन्ही एकाच वेळी वाटत नाही, हे मी मुद्दाम तपासून बघितलं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धात बुडवलेलं हे पहिलं युद्धजहाज. पुढचं थेट १९८२ मध्ये, अर्जेंटिनाचं 'जनरल बेलग्रानो'. खुकरीनंतर आपली विमानं, हेलिकॉप्टरं आणि जहाजं हंगोरच्या मागे लागली, काही दिवस समुद्र विंचरून काढला. हंगोरने जे केलं ते मी वर लिहिलंच आहे. खोल गेली, हळू झाली, वाट बघितली. कराचीला पोहोचली.

आपण शिकलो ते सावकाश. उष्ण पाण्यासाठी स्वतःचा सोनार लागेल हे कळलं आणि कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत तो तयार झाला, पण त्याला १९८० चं दशक उजाडलं. पाणबुडीच्या शोधात पुढे हेलिकॉप्टर असावं आणि जहाज मागे, ही पद्धत रुळली. १९८९ मध्ये खुकरी नावाचं नवं जहाज आलं, माझगाव डॉकमध्ये बांधलेलं. ते बत्तीस वर्षं चाललं आणि डिसेंबर २०२१ मध्ये सेवेतून निवृत्त झालं.

अण्णांना मी ही सगळी हकिकत फोनवर सांगितली. लिंबोचा पल्ला, टॉर्पेडोची मिनिटं, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "त्यांना बरोबर किती जण दिले होते?" मी म्हणालो, दोन जहाजं. "आन् ते उसात शोधायला?" मी हो म्हणालो. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मागे मोटारीचा आवाज येत होता.

नवी खुकरी आता दीवला आहे, लोकांना बघण्यासाठी. जुन्या खुकरीचं स्मारकही दीवलाच, समुद्राकाठच्या टेकाडावर, काचेत ठेवलेली जहाजाची प्रतिकृती. तिकडे कराचीच्या सागरी संग्रहालयात हंगोर ठेवलेली आहे आणि शाळेची मुलं तिच्या आत फिरून येतात. जुनी खुकरी अजून तिथेच आहे, दीवपासून चाळीस मैलांवर, पाण्याखाली.